उत्तर कुठल्या दारानं गेलं

माणूस गुहेत राहत होता तेव्हापासून आजतागायत त्याला खराखुरा असा एकच प्रश्न पडत आलेला आहे: पलीकडे कुणी आहे का? आकाशाकडे बघून त्यानं हेच विचारलं, समुद्राकडे बघून हेच विचारलं, बंद दारावर थाप मारूनही हेच विचारलं. तत्त्वज्ञान, दुर्बिणी आणि शेजारी ही सगळी त्याच एका प्रश्नाची लेकरं. गुरुजींनी हा प्रश्न आज सकाळपासून काही शे वेळा विचारला होता, आणि प्रत्येक वेळी लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर एकच ओळ उमटली होती: मुदत संपली, उत्तर नाही. फरक एवढाच, की गुरुजींचं 'पलीकडे' काही आकाशात नव्हतं. ते त्यांच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर, एका लोखंडी चौकटीच्या पाचव्या खणात होतं आणि हिरवा दिवा मिचकावत त्यांच्याकडेच बघत होतं.

या चौकटीला त्या धंद्यात चॅसी म्हणतात. कमरेएवढा सांगाडा, त्यात फडताळात पुस्तकं उभी लावावीत तसे बोर्ड खोचलेले, आणि सगळ्यांच्या पाठी टेकायला मागे एक मोठी पाटी, जिच्यातून ते एकमेकांशी बोलतात. एक बोर्ड पंखे सांभाळणारा, एक धूर हुंगणारा, एक दिव्यांचा. आणि पाचव्या खणातला प्रोसेसर बोर्ड या सगळ्यांच्या वतीनं बाहेरच्या जगाशी बोलणारा. बाहेरचं जग म्हणजे बोगद्याच्या पलीकडच्या टोकाला असलेली कंट्रोल रूम. बोगदा खणून झाला होता, रस्ता झाला होता, रस्त्यावरचे पांढरे पट्टेसुद्धा कुणी अजून तुडवले नव्हते इतके पांढरे होते. फक्त कंट्रोल रूममधून बटण दाबलं की छतावरचे पंखे फिरले पाहिजेत, एवढी एकच गोष्ट राहिली होती. पंख्यांची खात्री झाल्याशिवाय बोगद्यात एकही गाडी सोडायची नाही, असा नियम. गुरुजी आणि त्यांचा बोर्ड अलीकडच्या टोकाच्या यंत्रखोलीत, कंट्रोल रूम डोंगरापलीकडे, आणि मध्ये तो लांबच लांब, काळा, गप्प बोगदा.

गुरुजी हे काही त्यांचं नाव नव्हे. एकदा विभागातल्या नव्या मंडळींना स्क्रू किती घट्ट पिळावा हे सांगताना ते जेवणाची सुट्टी संपून वर चहाची सुट्टीही संपेपर्यंत बोलत राहिले, तेव्हापासून ते गुरुजी झाले. पाचव्या खणातला बोर्ड त्यांच्याच विभागात जन्मला होता. विभाग म्हणजे गुरुजी धरून चार माणसं, दोन टेबलं आणि एक खिडकी, जी उघडली की समोर भिंत दिसे. सकाळी मॅनेजरचा फोन आला होता. मॅनेजर वयानं लहान आणि त्यामुळे फार आदरानं बोलणारा. "गुरुजी, टेन्शन घेऊ नका. निरीक्षक निघायच्या आत आपला बोर्ड बोलला तर उत्तमच. नाहीच बोलला, तर मी त्या दुसऱ्या कंपनीचा तयार बोर्ड पाठवलाय ना, खोक्यात आहे, तो लावून टाका. मग काय, पुढच्या बोगद्यालाही तोच लावू. तुमच्या माणसांचं बघू काहीतरी." 'बघू काहीतरी' या दोन शब्दांत किती माणसं मावतात हे गुरुजींना नोकरीच्या इतक्या वर्षांत ठाऊक झालं होतं. खोकं दाराशी होतं. पिवळ्या चिकटपट्टीनं बंद केलेलं, नवंकोरं, आणि त्याच्यावर निरीक्षक बसले होते.

निरीक्षक हे गुरुजींचे साडू. म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. साडू हे नातं मोठं विलक्षण. भाऊ आपल्याला न विचारता येतो, बायको निदान बघून करता येते; साडू मात्र बायकोबरोबर येतो, जुनं कपाट घेतलं की त्याच्या आतल्या वासासारखा, आणि मग जन्मभर कपडे त्याच वासाचे. त्यातून हे दोन साडू गेली आठ-नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण म्हणावं असं नव्हतं. अबोला होता, आणि भांडणाला जसा कधीतरी दम लागतो तसा अबोल्याला लागत नाही. काही सांगायचं झालं तर थोरले साडू आपल्या बायकोला सांगत, ती बहिणीला सांगे, बहीण गुरुजींना सांगे, आणि उत्तर त्याच वाटेनं उलटं जाई. एका टेबलाशी बसून आमटी मागायची झाली तरी ती अशीच दोघींमार्फत फिरून येई, आणि आली तोवर गार झालेली असे. निरीक्षक म्हणून आज नेमके तेच येणार हे गुरुजींना आदल्या दिवशी कळलं होतं, तेही याच वाटेनं.

पंख्याविना यंत्रखोलीत हवा थिजल्यासारखी होती. काँक्रीटचा ओला वास, चॅसीच्या आतल्या छोट्या पंख्यांची एकसुरी घरघर, आणि त्या घरघरीच्या खाली, कान दिला तर, निरीक्षकांच्या बुटाचा आवाज. ते बूट हलवत होते. टाच खाली, टाच वर. गुरुजींनी कोटाच्या खिशात हात घातला आणि अंगठा हीटसिंकच्या पट्ट्यांवरून फिरवला. ही त्यांची जुनी सवय. प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकायला त्याच्या डोक्यावर ॲल्युमिनियमचा पट्ट्यापट्ट्यांचा एक ठोकळा बसवतात. तसला एक बाद झालेला ठोकळा ते नेहमी खिशात बाळगत, आणि विचार अडला की फणीवरून नख ओढावं तसा त्याच्यावरून अंगठा ओढत. खर्र. खर्र. एरवी त्यानं बरं वाटे. आज साडू त्या हाताकडे बघत होते. हाताकडे नाही, खिशाकडे. मान जराशी तिरपी करून, एकटक. खिशाच्या वर कंपनीचा बिल्ला होता. बिल्ल्यावर गुरुजींचा फोटो, पंधरा वर्षांपूर्वीचा, त्यात केस होते. बघतोय, गुरुजींच्या मनात आलं. या बिल्ल्याचे आता किती दिवस उरले ते बघतोय.

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दिवा हिरवा, म्हणजे तार जोडलेली. केबल बदलून झाली होती. सगळ्या केबली जिथे एकत्र येतात त्या डब्याचं, म्हणजे स्विचचं, भोक बदलून झालं होतं. बोर्ड बंद करून चालू करणे हा या धंद्यातला रामबाण, तोही चार-पाचदा सुटून वाया गेला होता. बोर्ड खणातून उपसून, त्याच्या पाठीच्या सोनेरी दातांवर फुंकर मारून पुन्हा बसवला होता. बोर्डाच्या कानाशी तोंड नेऊन बोलायची एक सोय असते, एक पातळशी निळी केबल; ती लावून विचारलं की बोर्ड सगळं सांगत होता. तब्येत कशी आहे? उत्तम. पत्ता काय? अमुक. पंखेवाला बोर्ड दिसतोय का? दिसतोय. धूरवाला? तोही. मग कंट्रोल रूमला का उत्तर देत नाहीस? यावर बोर्ड गप्प, म्हणजे असला प्रश्न विचारायची सोयच नव्हती. खासगीत सगळं बोलायचं आणि चारचौघांत मख्ख, असली माणसं गुरुजींनी पाहिली होती. असला बोर्ड प्रथमच.

भिंतीवरचा इंटरकॉम वाजला. त्याची तार जुनी, वेगळी. त्यामुळे ती चालू होती. पलीकडे कंट्रोल रूममधली ऑपरेटर बाई. तिचा आवाज सकाळपासून गुरुजींना आधार वाटत आला होता, कारण ती एकटीच प्रश्नाला उत्तर देत होती.

"सर, मी परत हाक मारून बघितली. काही नाही."

"पडद्यावर बोर्डाचा पत्ता येतो का पण?"

"तीच गंमत आहे ना सर. कोण आहे तिकडे असं विचारलं की तो 'मी आहे' म्हणतो. पत्ता येतो, अगदी बरोबर. पण पुढे काही बोलायला गेलं की गप्प. आमच्या नणंदेसारखं. दार उघडते, या म्हणते, आणि आत निघून जाते."

गुरुजींना हसू यायला हवं होतं. "थांबा जरा. 'मी आहे' म्हणतो? म्हणजे ऐकू तर येतंय त्याला."

"ऐकू येतंय. आणि सर, अजून एक. ते निरीक्षक साहेब मघाशी मला फोन करून विचारत होते, की तुमच्याकडे ती..."

"बाई, आत्ता दुसरं काही सांगू नका. फक्त पडद्यावर काय दिसतंय तेवढंच."

"अहो पण ते म्हणत होते..."

"त्यांना जे म्हणायचंय ते कागदावर म्हणतीलच." गुरुजींनी रिसीव्हर ठेवला, आणि ठेवल्यावर लक्षात आलं की हे शेवटचं वाक्य ते जरा मोठ्यानं बोलले होते. साडू खोक्यावरून उठले. काहीतरी म्हणणार असं क्षणभर वाटलं, तोंड उघडलंसुद्धा. मग ते मिटलं, आणि ते तरातरा मागच्या दाराकडे गेले. मागच्या पॅसेजमध्ये एक बेसिन आणि एकुलतं एक स्वच्छतागृह होतं. तिथे दाराची कडी खडखडल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा. मग ते परत आले आणि उभेच राहिले, एका पायावर भार देऊन, मग दुसऱ्या. येरझाऱ्या घालतोय, गुरुजींना वाटलं. पिंजऱ्यातल्यासारखा. वाट बघवत नाहीये. सकाळी ऑपरेटर बाईनं पहारेकऱ्याबरोबर पाण्याच्या बाटल्या धाडल्या तेव्हा साडूंनी आपली घटाघटा संपवली होती, आणि मघाशी दुसरी पुढे केली तर हात असा झटकला होता जसं काही विषच दिलं. माझ्या दारचं पाणीही नको. ठीक आहे.

स्क्रीनवर आकडे होते. बोर्डाच्या मागच्या दारानं, म्हणजे पाठीच्या नेटवर्क-जोडणीतून, आत आलेले निरोप: आकडा भराभर वाढत होता, टॅक्सीच्या मीटरसारखा. त्याच दारानं बाहेर गेलेले: जागच्या जागी. अधूनमधून एखादं घर पुढे सरके, तेवढंच 'मी आहे'. येतंय सगळं, जात काही नाही. म्हणजे बोलणारा भाग मेलाय, गुरुजींनी ठरवून टाकलं. ऐकतो, समजतो, वाचा गेली. वाचा गेलेला बोर्ड इथे बसून दुरुस्त होत नसतो. आणि वाचा जावीच कशी? कारखान्यात टेबलावर महिनाभर पोपटासारखा बोलत होता. विभागातल्या तिघांपैकी जी सोल्डरिंग करायची, तिनं त्याच्या कोपऱ्यावर छोटंसं फूल कोरलं होतं, कुणाला दिसणार नाही असं, केवळ बरं वाटावं म्हणून. तिचं काय करणार? 'बघू काहीतरी.' खर्र, अंगठा पट्ट्यांवरून गेला. साडूंनी मान खाली घातली आणि डोळे मिटले. अगदी तसेच त्यांनी तेव्हा मिटले होते, हॉस्पिटलच्या त्या पॅसेजमध्ये.

सासरे घड्याळं दुरुस्त करायचे. दोन्ही जावई त्यांना आवडत, पण वेगवेगळ्या कप्प्यांत. धाकट्याकडून ते रेडिओ नीट करून घेत आणि थोरल्याशी बुद्धिबळ खेळत. रेडिओ नीट झाला की गुरुजी मोकळे. बुद्धिबळ मात्र संपत नसे. आतल्या खोलीतून सासऱ्यांचं हसणं ऐकू येई, घोडा अडकला की ते लहान मुलासारखे ओरडत, आणि गुरुजी बाहेर स्टेशन लावत बसलेले असत. काही वाटायचं नाही, असं ते बायकोला सांगत. न विचारता सांगत. सासऱ्यांच्या शेवटच्या दुपारी हॉस्पिटलात गुरुजीच होते, बायको होती. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. गुरुजींनी फोन बाहेर काढला. साडूंचा नंबर त्यात होता. त्यांनी फोन हातात धरला, आणि मग बायकोला म्हणाले, "ताईला कळव." बायकोनं रडत रडत ताईला फोन लावला. ताईचा फोन तिच्या ऑफिसात, पर्समध्ये, पर्स कपाटात. वाजला असणार, कपाटाच्या आत, रुमाल आणि डब्याच्या मध्ये, पुन्हा पुन्हा. साडू आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. ते घाईनं आलेच नव्हते, रोजच्यासारखे आले होते. कोटाच्या खिशात घडीचा बुद्धिबळाचा पट होता, कारण सासरे दुसऱ्या दिवशी घरी जायचे होते. ते पॅसेजमध्ये उभे राहिले आणि सरळ गुरुजींकडे बघून म्हणाले, "मला एक फोन करता आला नाही तुला?" प्रश्न सरळ होता. समोरून आला होता. आणि गुरुजी बायकोकडे वळून म्हणाले होते, "तू केला होतास ना गं?"

साडूंनी तेव्हा डोळे मिटले. उघडले ते गुरुजींकडे बघण्यासाठी नव्हेत.

मोबाइल थरथरला. बायको. गुरुजींनी कापला. लगेच पुन्हा थरथरला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा थरथरला तेव्हा मॅनेजर होता.

"गुरुजी, काय म्हणतोय बोर्ड?"

"ऐकतोय सगळं. बोलत नाही."

"हं." मॅनेजरच्या आवाजात सांत्वन करायला आलेल्या माणसाचा मऊपणा होता. "मग आता कशाला जिवाला त्रास. खोकं उघडा. निरीक्षकांना अजून घरी जायचंय, आपण माणसासारखं वागू या. आणि गुरुजी, तुम्ही केलंत ते खूप केलंत हो." कुणी वारलं म्हणजे नातेवाइकांना असंच सांगतात. गुरुजी "बरं" म्हणाले. खरंच, किती सहज म्हणाले. त्यांनी अवजारांच्या पेटीतून कटर काढला आणि दाराशी गेले. साडू पुन्हा खोक्यावर टेकले होते, अगदी कडेला, गुडघे एकमेकांना चिकटवून, परीक्षेला बसलेल्या मुलीसारखे. गुरुजी समोर उभे राहिले. सरका म्हणायला हवं होतं. ते त्यांनी म्हटलं नाही. नुसता कटर खोक्याकडे दाखवला. साडू फार सावकाश, फार जपून उठले, जणू आत काहीतरी काठोकाठ भरलेलं आहे आणि ते हिंदकळू द्यायचं नाही. केवढा राग साठवून ठेवलाय माणसानं, गुरुजींना वाटलं. आणि आत्ता, मी माझ्या हातानं माझा बोर्ड उपसताना बघायला, तो सगळा सांडू न देता उभा आहे. साडूंच्या कपाळावर या गारठ्यात घाम होता.

चिकटपट्टी फाटली. आत फोमच्या खाचेत परका बोर्ड पडला होता, गुळगुळीत, हिरवागार, कुठंही फूल नसलेला. मोबाइल पुन्हा थरथरला, आणि आता उचलण्यावाचून बाकी काही उरलं नाही म्हणून गुरुजींनी तो उचलला.

"अहो, किती वेळ लावतेय मी!" बायको. "भाऊजी आहेत ना हो तिथे?"

"आहेत की. समोर आहेत."

"ताईचा फोन आला होता. भाऊजी तिला मघापासून मेसेजवर मेसेज करतायत, की तुमच्याकडून त्यांना काहीतरी हवंय. तातडीनं. ती आधी मीटिंगमध्ये होती, तिनं आता बघितले. मग तिनं मला लावला, मी तुम्हाला लावतेय तर तुम्ही कापताय."

"समोर उभा आहे तो माझ्या! हातभर अंतरावर!" गुरुजींचा आवाज चढला. एवढी वर्षं दाबलेला कुठून तरी चढला. "तोंड नाही का त्याला? माझ्याकडून हवंय तर मला सांगायचं. हे काय, मला सांगायचं ते ताईला, ताई तुला, तू मला! सगळ्या गावाला वळसा!"

"मला काय ओरडताय? तुम्ही तरी कधी सरळ त्यांना सांगता? प्रश्न समोरून येतो आणि तुम्ही उत्तर माझ्या गळ्यात घालता. मी उचलला नाही फोन की बसलं तुमचं उत्तर अधांतरी! बरं ते जाऊ दे. काय हवंय ते तरी ऐकून घ्या, ताई म्हणत होती की ती..."

"थांब," गुरुजी म्हणाले. मग अगदी हळू, "थांब थांब थांब." आणि त्यांनी फोन बंद केला.

प्रश्न समोरून येतो आणि उत्तर भलतीकडून जातं. ते चॅसीसमोर मांडी घालून बसले. बोर्डाला नेटवर्कची दोन दारं होती. एक पाठीला, चॅसीच्या पाटीतून थेट स्विचकडे जाणारं, खऱ्या कामाचं. सकाळपासून ते त्याच दाराशी बसून होते. दुसरं बोर्डाच्या तोंडावर, कारखान्यात टेबलावर तपासताना केबल खोचायला सोयीचं. इथे त्या पुढच्या दारात काही नव्हतं, नुसतं रिकामं भोक, धूळ जाऊ नये म्हणून लावलेलं रबराचं बूच. आणि गुरुजींची वर्षानुवर्षांची सवय अशी, की नवा बोर्ड हातात आला की पुढच्या दारालाही त्याच वस्तीतला, म्हणजे त्याच नेटवर्कमधला, एक पत्ता देऊन टाकायचा. तपासायला बरं पडतं. तिघांनाही त्यांनी तसंच शिकवलं होतं, त्या विषयावरही एक पूर्ण चहाची सुट्टी खर्ची पडली होती. कारखान्यात दोन्ही दारांना केबल असे आणि दोन्ही केबली एकाच डब्यात जात; प्रश्न मागून आला काय आणि उत्तर पुढून गेलं काय, कुणाला काय कळणार होतं? इथेही बोर्ड तेच करत असणार. मागून ऐकलं. समजलं. 'मी आहे' ही नुसती ओ तेवढी त्याच मागच्या दारानं दिली, आणि त्या वस्तीत जायचं तर आपलं पहिलं दार पुढचं, म्हणून खरं उत्तर घेऊन इमानदारीत पुढच्या दाराशी गेला.

त्यांनी पुढच्या दाराचे आकडे मागवले. सकाळपासून एकदाही मागवले नव्हते. ज्या दाराला तारच नाही तिथे कोण बघतो? आकडे आले. बाहेर पाठवायला घेतलेली आणि तिथेच टाकून दिलेली उत्तरं, हजारोंनी. बुचामागे उत्तरांचा नुसता खच पडला होता. बोर्डाची वाचा गेलेली नव्हती. तो सकाळपासून बोलतच होता. प्रत्येक प्रश्नाला, वेळेवर, बिनचूक, जिथे कुणी नाही तिथे. गुरुजींनी डोळ्यांवरून बाही फिरवली. ते बोर्डाबद्दल होतं असं त्यांनी स्वतःला सांगितलं. कपाटातली पर्स त्यांना दिसली, रुमाल आणि डब्याच्या मध्ये उजळणारा आणि विझणारा फोन. फोन केला नव्हता असं कुठंय? केला होता. कुणीतरी केला होता. कपाटात जाऊन पडला होता.

त्यांनी बोटं कळफलकावर ठेवली. एका ओळीचा हुकूम, पुढच्या दाराचा पत्ता काढून टाकण्याचा. एकदा अक्षर चुकलं, दुसऱ्यांदा चुकलं. तिसऱ्यांदा लिहून झाल्यावर त्यांनी क्षणभर बोट वरच धरलं, कारण हेही नसलं तर मागे फक्त ते खोकं होतं, फोमच्या खाचेतलं. मग दाबलं.

काही झालं नाही. चॅसी घरघरत राहिली. आणि मग लॅपटॉपच्या पडद्यावर, जिथे सकाळपासून 'मुदत संपली' याखेरीज काही उमटलं नव्हतं तिथे, एक उत्तर आलं. मग त्याच्या खाली दुसरं. मग एकामागून एक, ताल धरून, नळाला पाणी आल्यासारखी. इंटरकॉम वाजायच्या आधीच गुरुजींनी बसल्या जागेवरून हात लांबवून रिसीव्हर उचलला. ऑपरेटर बाई ओरडतच होती, "सर! बोलला! सगळं दिसतंय मला, पंखे, धूर, दिवे, सगळं! दाबू का? पंखे लावू?"

"लावा," गुरुजी म्हणाले. "सगळे लावा."

आधी काही ऐकू आलं नाही. मग डोंगराच्या पोटातून, फार लांबून, एक सुस्कारा सुटावा तसा आवाज आला, वाढत गेला, आणि बोगद्यातली शिळी, काळी हवा जागची हलली. यंत्रखोलीच्या दारातून थंड झोत आत घुसला, साडूंच्या फायलीतले कागद फडफडले. गुरुजी उठले. मांडी घालून बसल्यानं पायाला मुंग्या आल्या होत्या, ते जरा लंगडत वळले, तर साडू अगदी समोर उभे. एवढे जवळ ते इतक्या वर्षांत आले नव्हते. दात आवळलेले, चेहरा वेडावाकडा झालेला, आणि डोळ्यांत, गुरुजींनी नीट पाहिलं, खरोखर पाणी होतं. ओठ हलत होते. हाही, म्हणजे यालाही ते सलतंय, गुरुजींना वाटलं. आणि मग विचार करायचा राहून गेला, कारण विचार करायला लागलं की आपण कुणाकडे तरी वळतो, आणि इथे वळायला कुणी नव्हतं.

"त्या दिवशी," ते म्हणाले, सरळ साडूंच्या तोंडाकडे बघत, "फोन मी करायला हवा होता. नंबर होता माझ्याकडे. हातात होता. मला तेवढा एक दिवस..." त्यांनी चॅसीवर हात टेकला. "तुम्ही आत असायचात नेहमी. मी बाहेर रेडिओ लावत. म्हणून नाही केला. चूक माझी. तुम्हाला सांगतोय. तुम्हालाच."

पंखे घोंघावत होते. साडूंनी गुरुजींच्या खांद्यावर हात ठेवला. हात जड होता. त्यांनी एक श्वास घेतला, अर्धाच, पुढचा अर्धा घ्यायची हिंमत नसल्यासारखा. आणि मग आठ-नऊ वर्षांत पहिल्यांदा, कुणालाही मध्ये न घालता, त्यांचा आवाज आला.

"मला माहीत होतं रे," ते म्हणाले. "सही करतो. सगळं बोलू, बसून बोलू, रात्रभर बोलू. पण तुझ्या खिशात मघापासून जे खर्र खर्र वाजतंय ना..."

गुरुजींनी खिशात हात घातला. हीटसिंक बाहेर काढला. मग, जरा थांबून, दुसराही. दुसरा त्यांचा नव्हता. त्याला एक दोरी होती, आणि दोरीच्या टोकाला, बिनचूक, कुणी चुकून खिशात घालून नेऊ नये म्हणून त्या जड ठोकळ्याला मुद्दाम बांधलेली, सकाळी तोंड धुऊन येताना मॅनेजरचा फोन वाजल्यावर सवयीनं खिशात गेलेली एक किल्ली लोंबत होती.

"हां, तीच," साडू म्हणाले. "आधी ती संडासची किल्ली दे."